शेऱ्याचा रकाना

रुस्ताकच्या खाली, जिथे डोंगर
आपली सावली सकाळी नऊलाच आवरून घेतो,
तिथे विद्यापीठाचं अठरा एकर शेत आहे
आणि त्याला लागून मुहन्ना बिन खसीबची
खजुराची त्रेसष्ट झाडं.

मधे भिंत नाही. करार आहे:
अरबीत एक पान, इंग्रजीत चार.
पाणी त्याचं, मीटर आमचे.
झाडं त्याची, बुंध्यांना ठोकलेले नंबर आमचे.
फळ त्याचं. फळाची मोजदाद
माझ्याकडे.

मी तंत्रज्ञ. नीरेच्या कालव्यावर
दारं धरीत मोठा झालो.
रात्रपाळीला टाचेखालचा चिखल सरकला
की कळायचं, वाफा भरला.
इथे ते फोनला कळतं,
फोन मला कळवतो,
आणि मी पांघरुणातूनच झडप बंद करतो.
मुहन्ना अजून फलजच्या तोंडाशी
दगड आणि चिंध्यांचा बोळा लावून पाणी वळवतो.
पहिल्या दिवशी तो बोळा पाहून मी एवढा हसलो
की त्याला वाटलं, मी त्यालाच हसतोय.
मग खाली बसून मी दुसरा बोळा
नीट लावून दाखवला.
तेव्हापासून मी फिंजान हलवेपर्यंत
त्याची कॉफी थांबत नाही.

फेब्रुवारीत प्रयोग.
वीस झाडं शमसाच्या ड्रोनला,
वीस मुहन्नाच्या हाताला,
तीन वाऱ्याला, तुलनेसाठी.
ही तीन द्यायला तो महिनाभर तयार नव्हता:
"वाऱ्याचं पोर मी का पोसू?"

शमसा तिसऱ्या वर्षाला. अबायाच्या बाह्या
रबरबँड लावून वर सारते.
तिचं यंत्र शेंड्यावर दोन श्वास थांबतं,
पिवळी धूळ सोडतं, पुढे सरकतं.
वीस झाडं, अर्धा तास,
त्यात एकदा बॅटरी बदलली.

मुहन्नाला चार दिवस.
कमरेभोवती हाबूल, पाठीला नरतुऱ्यांची टोपली.
वर जाऊन तो मादीची पोय उकलतो,
नराच्या पाच-सहा काड्या उलट्या खोचतो,
पात्याने सैलसं बांधतो,
काहीतरी पुटपुटतो.
काय, ते मी विचारलं नाही.
त्याला रकाना नव्हता.

एप्रिलमध्ये शिडी लावून मोजलं.
हात: शंभरात बहात्तर.
ड्रोन: अठ्ठावन्न.
वारा: एकवीस.
शमसाचं तोंड उतरलं. मी मात्र,
खोटं कशाला बोलू, स्वतः जिंकल्यासारखा
कागद फडफडवत त्याच्याकडे गेलो:
बघा, बाबा, तुमचा हात!

त्याने बहात्तरवर बोट ठेवलं.
मग दिशदाशा गुडघ्यावर घेतली.
डावा गुडघा
जुन्या कलमाच्या सांध्यासारखा सुजलेला.
"चार दिवस वर," तो म्हणाला,
"आणि अठरा दिवस खाटेवर.
मोफज्जल सिल्हेटला गेला तो गेलाच.
नातू मस्कतला. त्याला उंचीची भीती वाटते."
बोट खाली सरकलं, अठ्ठावन्नवर.
"या मुलीला विचार,
पुढच्या वर्षी सगळीच घेईल का?"

शमसाने हो म्हटलं नाही.
तिने वही काढली.
"चार दिवस का लागले तुम्हाला?"

तो तिच्याकडे पाहत राहिला,
पाणी खाली का वाहतं, असं तिने विचारल्यासारखा.
"झाडं एकाच दिवशी उमलतात का, पोरी?
ज्या पहाटे बुंध्याशी
ओल्या पिठाचा वास येतो,
त्या दिवशी ते झाड. बाकीची थांबतात."

मी माझा कागद घडी करून खिशात घातला.

आता भिंतीवर पुढच्या फेब्रुवारीचं वेळापत्रक आहे.
उड्डाणं: अनेक. तारखा: कोऱ्या.
रोज पहाटे, वारा उठायच्या आत,
मुहन्ना बिन खसीब काठी टेकत
झाडांखालून चालेल, आणि बोट वर करेल.
त्याचे पैसे मंजूर झालेत.
लेखा विभाग फक्त विचारतोय,
यांचं पद काय?

तीन पत्रं आली.
शेऱ्याच्या रकान्यात मी 'नाक' लिहिलं होतं,
मग खोडलं,
मग पुन्हा लिहिलं.